सासूबाईंची पाथरी

२ मार्च, रविवार

बायकोला नोकरीसाठी दूर जाऊन महिना होत आला. घरात बोलायला माणूस नाही म्हणून लिहायला बसलोय. म्हणजे माणूस आहे, सासूबाई आहेत. पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे मुलाखत देणं. प्रश्न त्या विचारतात, उत्तर मी देतो, आणि ते चुकीचं निघतं.

बायको मोजणी खात्यात आहे. दूर एका बेटावर पूल बांधायचा आहे, तिथे मोजणीप्रमुख म्हणून तिला वर्षभरासाठी बोलावलं. त्यांच्या खात्यात हे पद बाईला मिळालं ते पहिल्यांदाच. तरी जावं की न जावं यात तिचे कितीतरी दिवस गेले. शेवटी सासूबाईच कडाडल्या, "मी काय कुक्कुलं बाळ आहे? जा तू. माझ्याकडे बघायला जावई आहेत." मला त्यांनी विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं नसतं, पण विचारलं नव्हतं.

खाली माझं दुकान. खुर्च्या, सोफे, गाद्या भरून देतो. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. सासूबाई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अजूनही फोन उचलला की आवाज असा लागतो की पलीकडच्याने उठून उभं राहावं. आज बायकोचा रविवारचा फोन होता. तो यायच्या कितीतरी आधी सासूबाई येऊन खुर्चीत बसल्या, डोळे मिटून, अगदी गप्प. घंटा वाजली तसे डोळे उघडले आणि खणखणीत सुरू. "मी ठणठणीत आहे. जावई जरा विसराळू आहेत, बाकी छान चाललंय."

फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ बोलल्या नाहीत. मी विचारलं, "काही झालं का?" तर नुसता हात हलवला. लेकीच्या आठवणीने गळा भरून आला असणार. मला ते बघवेना, मी खाली निघून आलो.

६ मार्च, गुरुवार

आज सासूबाई पिशवीभर तण घेऊन घरी आल्या.

जुन्या बस डेपोच्या मागे ओसाड जागा आहे. तिथे फुटक्या फरशीतून हे जिकडे तिकडे उगवतं. जमिनीला चिकटून पसरतं, पानं करवतीच्या पात्यासारखी, फूल पिवळंधमक. देठ मोडला की पांढरा चीक येतो. फूल म्हातारं झालं की त्याचा पांढरा गोळा होतो आणि फुंकर मारली की उडून जातो. लहानपणी सगळेच उडवतात. पण पिशवीत भरून घरी कुणी आणत नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"पाथरी."

"कशाला?"

"लागते."

थोड्या वेळाने त्यांनाच काय वाटलं कोण जाणे. म्हणाल्या, "याची मुळं भाजून कॉफी करतात. आमच्या एक्स्चेंजमध्ये एक बाई करायची."

"पण ही तर नुसती पानं आहेत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चुकीचा नंबर लावलाय. "मुळं मागाहून," म्हणाल्या.

मग मूठभर पानं उकळून ते पाणी प्यायल्या. उरलेली खिडकीत कागदावर वाळत घातली. मी पण घोटभर मागितलं तर म्हणाल्या, "तुम्हाला नको." कडू असेल.

आणखी एक. वर येताना त्या जिन्याच्या मधल्या खिडकीशी खूप वेळ उभ्या होत्या, गजाला धरून. रोज उभ्या राहतात. बाहेर एवढं काय आहे म्हणून त्या गेल्यावर मीही जाऊन बघितलं. समोरच्या भिंतीशिवाय काही दिसलं नाही.

९ मार्च, रविवार

आज फोनवर भलताच घोळ झाला.

बायकोने विचारलं, "आई काय करते दिवसभर?"

मी म्हटलं, "पाथरीच्या मागे लागल्यात."

"पथरी? आईला पथरी झाली? अरे, कधी? किडनीत का?"

"नाही नाही, डेपोच्या मागे."

"डेपोच्या मागे कुठला दवाखाना आहे?"

"दवाखाना कशाला? स्वतःच काढतात. हाताने."

पलीकडे ती किंचाळलीच. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "अगं, पाथरी! रानातली पाथरी, पिवळ्या फुलांची! यांना काही सांगता येईल तर शपथ!" आणि हसायला लागल्या. तिकडे तीही हसायला लागली. हसता हसता सासूबाईंना असा ठसका लागला की चेहरा काळानिळा झाला. भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी पाणी आणेपर्यंत फोन पुन्हा तोंडाशी नेऊन त्या म्हणत होत्या, "काही नाही गं, हसून हसून. पोटाला बरी असते म्हणून खाते थोडी."

फार दिवसांनी घरात अशी मजा आली.

मला कॉफी सांगितली आणि तिला पोट सांगितलं, हे मात्र माझ्या लक्षात आलं. दोन्ही असेल.

१२ मार्च, बुधवार

सासूबाई माझ्या गादीवर झोपत नाहीत. हे लिहितानाही वाईट वाटतंय. गावभर माझ्या गाद्यांवर माणसं घोरतात.

परवा सकाळी उठून बघतो तर त्या खिडकीशी लाकडी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेल्या, पाठीशी घरातल्या सगळ्या उशा. गादी टोचते का विचारलं. नाही. खड्डा पडलाय का? नाही हो. मग?

"आडवं झालं की नको वाटतं."

नको वाटतं म्हणजे काय? हातातलं गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून मी त्यांची गादी उसवली, कापूस पिंजून घेतला, नव्याने भरली, टाके घट्ट घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत. मग वर फोमचा थर दिला. आज सकाळी पुन्हा खुर्चीत. मला जोरात म्हणावंसं वाटलं की आई, सरळ सांगा, माझं काम पसंत नाही. पण म्हटलं नाही. तोंडात चुका होत्या. आमच्या धंद्यात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात, ते ओठात धरून काम करतो. त्यामुळे आयुष्यात पुष्कळ भांडणं टळलीत.

१५ मार्च, शनिवार

शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला सगळं सांगितलं. तो माझा जुना मित्र, आणि त्याला प्रत्येक गोष्टीतलं कळतं असं त्याचं म्हणणं आहे.

"वय," तो म्हणाला. "डोक्याचं काहीतरी सुरू झालंय. माझ्या मावशीचं असंच झालं. आधी पालापाचोळा गोळा करायला लागली."

मला ते पटेना, पण पटायलाही लागलं. कारण सासूबाई हल्ली माझ्या चपला घालून बाहेर जातात. त्यांचे चांगले बंद बूट दाराशी तसेच पडलेले असतात. मी एकदा म्हटलं, "आई, या माझ्या." तर म्हणाल्या, "माहीत आहे. मोकळ्या आहेत." जेवतात चिमणीएवढं आणि तरी अंगाने भरल्यासारख्या वाटतात. सारख्या बाथरूमला जातात. काल बांगडी निघेना म्हणून साबण लावून काढत होत्या.

चष्मेवाला म्हणाला, परीक्षा घे. सहज काहीतरी विचार, बघ उत्तर येतं का. म्हणून आज चहा घेताना मी सहज विचारलं, "आई, आज वार कोणता हो?"

"शनिवार," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही शर्ट उलटा घातलाय."

१९ मार्च, बुधवार

माझं चांगलं करायला जाणं आणि त्याचं वाटोळं होणं, यात काही नातं आहे का ते देव जाणे.

मला वाटलं, एकदा त्यांच्या मनासारखं काहीतरी करून दाखवू. त्यांना कॉफी हवी होती ना. मुळं खोलवर जातात, त्यांच्याच्याने खणणं होत नसणार. मी फावडं घेऊन डेपोच्या मागे गेलो आणि सकाळभर खणलं. मुळं बोटाएवढी जाड, सरळ खाली गेलेली, बाहेरून तपकिरी, आत दुधासारखी. अर्धवट तुटतात म्हणून मी हट्टाने शेवटपर्यंत खणली. एक झाड ठेवलं नाही. जागा अशी साफ केली की कुणी म्हणावं इथे काही उगवत होतं का.

धुतली, चिरली, तव्यावर काळपट होईपर्यंत भाजली, दळली. वास खरंच कॉफीचा! चव म्हणाल तर, कॉफीच्या घरी भाड्याने राहिलेल्या कुणाची तरी. पण वाईट नाही. चष्मेवाला दोन कप प्यायला. एक बाई सोफ्याचं कापड निवडायला आल्या होत्या, त्यांनाही पाजली.

वासाने सासूबाई खाली आल्या. भिंतीला हात लावत लावत. मी कप पुढे केला.

"मुळं कुठून आणली?"

"डेपोमागून. सगळी काढली. बघा तरी, गोणभर निघाली."

"आणि पानं?"

"पानं काय करायची होती? कचऱ्याच्या गाडीत दिली."

त्यांनी कपाला हातही लावला नाही. मग म्हणाल्या, "काय केलंस हे! कुणी सांगितलं होतं तुला?"

लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी अरेतुरे केलेलं नाही. चष्मेवाला कप खाली ठेवून चुपचाप सटकला. सासूबाई जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या आणि मोठमोठ्याने श्वास घेत राहिल्या. एवढा राग!

मी दिवसभर विचार केला. मला वाटतं, त्यांना ते स्वतःच्या हाताने करायचं होतं. म्हाताऱ्या माणसाची एखादीच हौस असते आणि मी ती फावड्याने उपटली.

२३ मार्च, रविवार

सासूबाई आता बाहेर जात नाहीत. खिडकीतली वाळलेली पानं गुरुवारीच संपली.

आज फोनवर त्या दोन-दोन शब्दच बोलल्या. "बरी आहे." "हो, जेवले." "तू सांग." आवाज तोच, ठसठशीत, पण मधे मधे गप्प. बायकोने मला विचारलं, "आई चिडलीये का?"

"माझ्यावर."

काय झालं ते सांगितलं तर ती म्हणाली, "अरे मग दुसरीकडून आणून दे की! शहरात काय तेवढंच तण आहे?"

हे मला सुचलंच नव्हतं. लगेच सायकल काढली. कालव्याच्या काठाने पिवळीच पिवळी फुलं दिसली, कमरेएवढी उंच झाडं. भारा बांधून आणला. सासूबाईंनी एक देठ मोडून बघितला.

"हे ते नव्हे. याला दूध कुठाय? हे खाऊन गुरं मरतात."

मी भारा उचलून बाहेर टाकून आलो. हात साबणाने धुतले. परत धुतले. वर आलो तर त्या खुर्चीत डोळे मिटून हसत होत्या. निदान राग गेला असं दिसतंय.

२६ मार्च, बुधवार

आज आनंदाची गोष्ट. सासूबाईंनी मला काम सांगितलं!

"मला एक खुर्ची करून द्या. पाठ थोडी मागे जाईल, पण सपाट नको व्हायला. डोकं उंच राहिलं पाहिजे. आणि पाय टेकायला वर काहीतरी."

इतक्या वर्षांत माझ्या हातची वस्तू त्यांनी पहिल्यांदा मागितली. मी लगेच टेप घेऊन मापं घ्यायला बसलो. पाठीची उंची, मांडी, गुडघ्यापासून टाच. पाय टेकायचा उतार ठरवायला त्यांचा घोटा धरला तर तो पार नाहीसा झालेला. पाय खांबासारखा सरळ. अंगठा दाबला गेला त्या जागी खळगा पडला आणि बराच वेळ भरून आला नाही, हलक्या प्रतीच्या फोमला पडतो ना तसा. मनात आलं, माणसाचंही वय झालं की फोम बसत असेल.

"पाय सुजलाय का हो?"

"ऊन आहे ना," त्या म्हणाल्या. "माप नीट घ्या. आणि लवकर द्या."

ऊन तसं फारसं नाही. पण खिडकीशी बसतात, लागत असेल. चौकट उद्या जोडतो. चांगल्यातला फोम घालणार आहे, बसणार नाही असा.

३० मार्च, रविवार

काल काही लिहिता आलं नाही. आज हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. क्रमाने लिहितो, म्हणजे मलाच कळेल.

काल सकाळी मी त्या खुर्चीच्या हाताला कापड ठोकत होतो. सासूबाई दुकानात आल्या. जिना उतरून एकट्या. दारात उभ्या राहिल्या आणि तोंड उघडलं, पण शब्द नाही. ओठ जांभळे. मग एकच शब्द आला, "फोन."

मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. मला वाटलं लेकीला लावायचाय! त्यांनी तो धरला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात चष्मेवाला आत आला, त्याने एकदा बघितलं आणि तो फोन हिसकावून ॲम्ब्युलन्स बोलावली. त्याला प्रत्येक गोष्टीतलं कळतं म्हणून मी हसतो. आता हसणार नाही. मी काय करत होतो? मी तोंडातल्या चुका एक एक काढून डबीत ठेवत होतो.

हॉस्पिटलमध्ये त्यांना नळी लावली, सुया टोचल्या. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. विचारायला लागली.

"आडव्या झोपतात का?"

"नाही. खुर्चीत. पाठीशी सगळ्या उशा घेऊन."

"जिना चढताना थांबतात?"

"मधल्या खिडकीशी. रोज."

"पायांना सूज?"

"बूट होत नाहीत. माझ्या चपला घालतात. दाबलं की खळगा राहतो."

"वजन वाढलंय?"

"जेवण कमी आणि अंग भरलेलं. बांगडी निघत नव्हती."

"खोकला?"

"हसल्या की. चेहरा काळानिळा होईपर्यंत."

मला सगळी उत्तरं येत होती. एकही चुकलं नाही. डॉक्टरीण लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं लक्ष होतं तर चांगलंच."

मी म्हटलं, "हो."

ती पुढे काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मग तिने सांगितलं. हृदयाचा पंप दुबळा झालाय. रक्त पुढे नीट ढकललं जात नाही, म्हणून पाणी साठतं, पायात, पोटात, फुप्फुसात. आडवं झालं की तेच पाणी श्वास अडवतं. थंडीतच सासूबाई इथे येऊन गेल्या होत्या, एकट्या. तेव्हाच भरती व्हायला सांगितलं होतं, घरच्या माणसाला घेऊन या म्हणाले होते. त्या परत आल्याच नाहीत.

मी पाथरीचं विचारलं. मी मुळं खणली, पानं फेकली, त्याने हे झालं का?

"पानांनी लघवी जराशी जास्त होते. पुष्कळ लोक त्यासाठी पितात," ती म्हणाली. "त्यांना थोडं हलकं वाटलंही असेल. पण दुबळं हृदय त्याने सुधारत नाही. पानं असती तरी त्या इथेच आल्या असत्या."

"मग माझ्यामुळे नाही?"

"तसं म्हणता येणार नाही आणि तसं नाही असंही म्हणता येणार नाही," असं काहीतरी ती बोलली, किंवा मी तसं ऐकलं. मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी आत सोडलं. सासूबाईंचा चेहरा उतरला होता, पण डोळे जागच्या जागी. मी म्हटलं, "थंडीतच सांगितलं असतंत तर?"

"तेव्हा तिची बेटाची ऑर्डर आली होती," त्या म्हणाल्या. एवढंच. मग दम घेऊन, "तिला कळवायचं नाही. ती येईल. एकदा आली की तिची जागा दुसऱ्याला देतील. शब्द द्या."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शब्द देणं होतं का?

आज दुपारी बायकोचा फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात उभा.

"आई कुठाय?"

"झोपल्यात."

"या वेळी? आणि तुझा आवाज असा का येतोय?"

"तोंडात चुका आहेत."

"रविवारी?"

मी म्हटलं, काम अर्जंट आहे, आणि फोन ठेवला. सासूबाईंचं बरोबर आहे, तिचं आयुष्यभराचं काम आहे ते. आणि हेही बरोबर की आई तिची आहे. दोन्ही बरोबर कसं असेल? मी बाकावर बसलो, उठलो, परत बसलो. आत जाऊन सासूबाईंना विचारावं का, की मी तुमचा शब्द मोडू का? असं कुणी विचारतं?

शेवटी फोन लावला. तिने उचलला तर मला वाक्य जमेना. म्हटलं, "उशा. आई सगळ्या उशा घेऊन झोपायच्या."

"काय बोलतोयस तू?"

मग सगळं सांगितलं. खिडकीपासून.

१ एप्रिल, मंगळवार

बायको निघाली आहे. बोट मिळाली, पुढे दोन बस.

सासूबाईंना मीच सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर उभा असतो आणि त्या नर्सला म्हणतात, "त्यांना म्हणावं, डबा उद्यापासून बिनमिठाचा आणा." नर्स बिचारी माझ्याकडे वळून म्हणते, "डबा बिनमिठाचा आणा." मी म्हणतो, "बरं." नर्स त्यांच्याकडे वळून म्हणते, "बरं म्हणतात."

पायांची सूज उतरतेय. घोटे दिसायला लागलेत. मला फार बरं वाटलं आणि ते कुणाला सांगावं कळेना, म्हणून नर्सला सांगितलं.

४ एप्रिल, शुक्रवार

बायको आली. उन्हाने रापली आहे, हातावर खरचटलेलं. मला दारातच म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस," आणि लगेच, "एवढे दिवस दिसत नव्हतं तुला?" मी दोन्हीला हो म्हटलं.

ती आत गेली. मी डबा घेऊन पडद्याबाहेर थांबलो. ऐकायचं नव्हतं पण पडदाच तो.

"परत जा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू गेली असतीस. मला तिथे फोनवर कळलं असतं."

"मग तेव्हा आली असतीस."

"असं बोलवतं तरी कसं तुला?"

"मला नोकरीत मुख्य करणार होते," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा तुला गोवर निघाला होता. मी नाही म्हटलं. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. पण तुला तसं नाही म्हणायला लागू नये."

मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"ते तुझं तू ठरवलंस ना?" ती म्हणाली. "मग माझंही मला ठरवू दे. तू लपवून माझं ठरवलंस. जायचं की राहायचं ते मला सगळं माहीत असताना ठरवायचं होतं."

"तू राहिली असतीस."

"कदाचित. पण माझी मी राहिले असते. तू मला ठेवून घेतलं नसतंस."

हे वाक्य मला नीट समजलं नाही. सासूबाईंना समजलं असावं, कारण त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी डबा घेऊन खाली जाऊन बसलो, आणि तो तसाच परत घरी आणला.

८ एप्रिल, मंगळवार

सासूबाई घरी आल्या. जिना चढायचा नाही असं सांगितलंय, म्हणून दुकानामागची कोठार-खोली रिकामी केली. काथ्या, जुन्या स्प्रिंगा, रेक्झिनचे गुंडाळे, सगळं बाहेर. भिंत पांढरी केली, पलंग टाकला आणि अर्धी राहिलेली खुर्ची पुरी करून तिथे ठेवली. गोळ्या सकाळ-दुपार-संध्याकाळ. रोज सकाळी वजन करायचं. एकदम वाढलं की लगेच हॉस्पिटलला कळवायचं. पाणीसुद्धा मोजून.

बायकोने आज तिच्या साहेबांशी बोलणं केलं. जागा अजून तिचीच आहे. पुढच्या आठवड्यात खांबांची आखणी आहे, ती तिच्याशिवाय होणार नाही म्हणाले. ती फोन ठेवून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मी विचारलं, "जाणार?"

"तुला जमेल?"

मला जमेल की नाही ते मला खरंच माहीत नाही. मागच्या महिन्यात काय जमलं ते आपण बघितलं. तसंच तिला सांगितलं.

ती म्हणाली, "आता तुला काय बघायचं ते माहीत आहे ना?"

"हो."

"आणि जे दिसेल ते मला सांगायचं. कळो न कळो. तू फक्त दिसलं ते सांग."

हे मला जमेल असं वाटतं.

सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. आता नर्स नाही, म्हणून लेकीमार्फत.

१३ एप्रिल, रविवार

सकाळच्या बसने बायको गेली. आईच्या खोलीत ती बराच वेळ होती, दार लावून. बाहेर आली तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. मला कुणी सांगितलं नाही. आता ती रोज फोन करणार आहे, आणि दर दोन-अडीच महिन्यांनी येणार आहे. पूल होईपर्यंत.

बस सुटायच्या आधी मी तिला विचारलं, "मी शब्द मोडला ते चूक झालं का?"

"आईला विचार."

"त्या बोलत नाहीत."

"मग थांब," ती म्हणाली. बस वळेपर्यंत ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती. तिला माझी काळजी वाटत होती की विश्वास, ते त्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही.

परत येऊन दुकान उघडलं नाही. उगाच बाकावर बसून राहिलो. आत काय बोलायचं, कसं बोलायचं, की बोलायचंच नाही? आता मधे निरोप द्यायलाही कुणी नाही. गोळीची वेळ झाली तसा उठलो. आत गेलो तर सासूबाई पलंगाच्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या. मी खाली वाकून घोटे बघितले. बारीक आहेत. अंगठ्याने दाबून बघितलं. खळगा राहिला नाही. त्यांनी बघू दिलं.

मी गोळी आणि पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं. मी निघालो.

"जेवलास का?"

मी दारातच थांबलो. जेवलो नव्हतो. पण तोंडातून "हो" निघालं. का, ते माहीत नाही. मग वाटलं हे खोटं झालं, म्हणून म्हटलं, "नाही." मग वाटलं, त्यांना वाटेल आता त्यांनी उठून काहीतरी करावं, म्हणून म्हटलं, "म्हणजे, भूक नाही. आहे. पण घाई नाही."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला.

"ठरव काय ते एकदा," त्या म्हणाल्या. "आणि बस इथे. तिने दोघांचं करून ठेवलंय."